दोन ठिपके कुणी ठेवले?

मागच्या महिन्यात एका मित्राने रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आठ फोटो पाठवले. आठ छात्या. एकालाही चेहरा नाही. प्रत्येक फोटो गळ्यापाशी सुरू होतो आणि बेंबीपाशी संपतो. खाली एकच ओळ होती: ‘दादा, यातली कुठली बरोबर वाटते?’

तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. गेली तीन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकतोय. आता ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. आम्ही दोघंही ट्रान्स पुरुष, आणि मी या ऑपरेशनमधून गेलोय, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. ‘उद्या सांगतो’ असं लिहून मी फोन ठेवला, पण झोप लागेना. फोटोंतले व्रण लगेच दिसत होते, ते कुणालाही दिसतात. माझी नजर अडकत होती ती दोन ठिपक्यांवर. एकाचे निपल्स मधोमध सरकलेले, जवळजवळ बसवलेल्या डोळ्यांसारखे. एकाचे फार वर. एकाचे नाण्यासारखे गरगरीत गोल. एकाला निपल्सच नव्हते, आणि खरं सांगायचं तर ती छाती मला सगळ्यांत शांत वाटली.

मी अडलो होतो ते ‘बरोबर’ या शब्दापाशी. बरोबर म्हणजे कशाच्या बरोबर?

एरवी मी पुस्तकांवर लिहितो. मजकूर कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्यात काय गाळलं, हे बघायची सवय आहे. तीच सवय घेऊन मी या विषयावरचं वाचायला बसलो: दोन शोधनिबंध, 1946 सालचं एक पुस्तक आणि फोटोंचं एक पुस्तक. प्रश्न एकच धरून ठेवला. हे दोन ठिपके कुठे ठेवायचे हे कोण ठरवतं, आणि ठरवणारा आपल्याला त्या मजकुरात दिसतो का?

आधी काम समजून घेऊ

या ऑपरेशनला आम्ही बोलताना ‘टॉप सर्जरी’ म्हणतो. स्तन लहान आणि कातडी घट्ट असेल, तर निपलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद घेऊन आतली ग्रंथी काढता येते. निपल जागचं फारसं हलत नाही. स्तन मोठे असतील तर छातीखालून दोन आडवे छेद घेतात, ग्रंथी काढतात, जास्तीची कातडी काढतात. तेव्हा बहुतेक वेळा निपल पूर्ण सुटं करतात, कापून लहान करतात आणि नव्या जागी लावतात. अगदी कलम लावावं तसं. पहिले काही दिवस त्या कलमाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. खालून झिरपणाऱ्या द्रवावर ते तगतं, मग हळूहळू रक्तवाहिन्या जुळतात. म्हणून त्यावर साधारण आठवडाभर दाबून बसवलेलं ड्रेसिंग ठेवतात. कधी कलमाचा काही भाग धरत नाही. कधी रंग उडतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो फिका डाग जास्त उठून दिसतो. नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे पूर्वीची संवेदना बहुतेक परत येत नाही.

जागेचा ढोबळ नियम असा: पुरुषाचं निपल छातीच्या मोठ्या स्नायूच्या खालच्या आणि बाहेरच्या कडेजवळ असतं. आकाराने लहान, बहुधा आडवं लंबगोल. सर्जनने जुन्या जागेचा अंदाज धरून ते फार आत किंवा फार वर लावलं, तर छाती सपाट होऊनही काहीतरी चुकल्यासारखं दिसतं. माणूस आडवा असताना कातडी वेगळी पसरते, म्हणून अनेक सर्जन ऑपरेशन चालू असतानाच टेबलाची पाठ उचलून, पेशंटला बसतं करून जागा पुन्हा तपासतात.

म्हणजे या प्रकारात निपलची जागा निसर्गाने दिलेली राहत नाही. ती लिहिली जाते. आणि लिहिलेल्या गोष्टीला लेखक असतो.

माझ्या वेळी काय झालं ते सांगतो. डॉक्टरांनी मला उभं केलं, जांभळ्या मार्करने रेघा मारल्या, दोन ठिपके दिले, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि विचारलं, ‘ठीक?’ समोर आरसा नव्हता. मी मान खाली घालून बघितलं. वरून बघून काही कळत नाही, तुम्हीही करून बघा. मी ‘ठीक’ म्हणालो. सगळं मिळून दोन मिनिटं. डॉक्टर चांगले होते, ऑपरेशनही चांगलं झालं. डावा ठिपका उजव्यापेक्षा जरासा बाहेर आहे, तो माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. पण आयुष्यभराच्या वाक्यावर मी न वाचता सही केली, ही गोष्ट मनातून जात नाही.

टोक कशाचं?

पहिली अडचण भाषेचीच आहे. मराठीत पुस्तकी शब्द ‘स्तनाग्र’. म्हणजे स्तनाचं टोक. पुरुषांनाही तेच असतं, त्यांच्यासाठी वेगळा शब्द नाही. मग ज्याचे स्तन काढले त्याच्या छातीवर जे लावलं, ते टोक कशाचं? संमतीच्या कागदावर हा शब्द वाचताना मला कुणीतरी मागून जुन्या नावाने हाक मारल्यासारखं झालं होतं. घरगुती बोलीत ‘बोंड’ म्हणतात, पण तो शब्द आई आणि तान्हं बाळ यांच्यातला आहे. शेवटी आम्ही सगळे ‘निपल’च म्हणतो. इंग्रजीने इथे मेहरबानी केली आहे.

उलट ‘छाती’ या शब्दाला मराठीने किती काम दिलंय बघा. छाती ठोकून सांगायचं, छाती काढून चालायचं, एखाद्या कामाला छाती लागते. धैर्य, अभिमान, पुरुषार्थ सगळं त्या सपाट जागेवर आणून ठेवलंय. अशा भाषेत वाढलेला मुलगा छातीला बाइंडर आवळून, पोक काढून दहा वर्षं चालतो, तेव्हा त्याची फक्त पाठ दुखत नाही.

मराठीत ट्रान्स अनुभवाचं जे लेखन ठळकपणे वाचलं गेलं, त्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ आहे, दिशा पिंकी शेख यांची कविता आहे. या लेखनाने आमच्यासाठी दार उघडलं. ट्रान्स पुरुषाची छाती मात्र मराठी वाक्यात अजून फारशी आलेली नाही. म्हणून मला आधी इंग्रजी शोधनिबंधांकडे जावं लागलं.

शंभर पुरुष आणि त्यातले दोन

‘प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी’ या नियतकालिकात 2001 साली बेअर आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. विषय: पुरुषांच्या निपलचा आकार आणि जागा. त्यांनी 100 निरोगी पुरुष मोजले. 91 जणांत निपलभोवतीचं वर्तुळ लंबगोल निघालं, 7 जणांत गोल. लंबगोलाची सरासरी 27 बाय 20 मिलिमीटर. केंद्रबिंदू 75 टक्के पुरुषांत चौथ्या आणि पाचव्या फासळीमधल्या जागेत, 23 टक्क्यांत त्याखालच्या जागेत. शेवटी एक सूत्र दिलंय: छातीचा घेर आणि छातीच्या मधल्या हाडाची लांबी घाला, निपलची जागा काढा.

हा निबंध वाईट नाही. उलट, त्याआधी अनेक ठिकाणी जे काम निव्वळ नजरेच्या अंदाजाने चालायचं, त्याला या लोकांनी आकडे दिले. माझ्या छातीवर ते ठिपके बऱ्यापैकी जागेवर बसले असतील, तर त्यामागे अशाच कुणाची तरी मोजपट्टी असणार. पण मजकूर म्हणून वाचताना दोन गोष्टी टोचतात.

पहिली: इथे ‘पुरुष’ म्हणजे सरासरी. शंभर जणांकडून एक आकडा काढला, की तो आकडा शंभरांपैकी नेमका कुणाचाच राहत नाही. तरी तोच आदर्श होतो, आणि तो नेमका आमच्यावर लावला जातो, कारण आमचीच जागा कोरी असते.

दुसरी: त्या शंभरांत 2 पुरुष असे होते, ज्यांच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नव्हत्या. मी त्या दोघांपाशी बराच वेळ थांबलो. ते निबंधात एका वाक्यात येतात आणि जातात. त्यांना कुणी ‘निकाल नीट आला नाही’ म्हटलं नसेल. त्यांचं पुरुषपण त्या अर्ध्या सेंटिमीटरवर कधी टांगलेलं नव्हतं. माझा डावा ठिपका जरा बाहेर आहे, तेव्हा मात्र तो दोष ठरतो, आणि तो आधी मलाच दोष वाटतो.

दुसरा निबंध बेल्जियममधल्या घेंट इथल्या मोन्स्ट्रे आणि सहकाऱ्यांचा, 2008 सालचा. 92 ट्रान्स पुरुष, 184 स्तन. त्यांच्या अनुभवातून कुठलं तंत्र कुणासाठी वापरायचं याचा एक तक्ता त्यांनी दिला: स्तन केवढा आहे, किती उतरलेला आहे, कातडी किती लवचीक आहे. प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे पाच तंत्रांपैकी एकापाशी पोचायचं. तक्ता म्हणून उत्तम. पण प्रश्न सगळे कातडीला विचारलेले आहेत. संवेदना राखायची आहे की सपाटपणा जास्त महत्त्वाचा, निपल हवं आहे की नकोच, हे प्रश्न कातडीला विचारून चालत नाहीत. ते माणसालाच विचारावे लागतात.

चेहरा नसलेले फोटो

आता मित्राच्या आठ फोटोंकडे परत येऊ. ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही फोटोंची एक पक्की शैली झाली आहे. साधी पार्श्वभूमी, हात बाजूला, चेहरा कापलेला. चेहरा कापतात तो ओळख झाकण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण या शैलीचा एक परिणाम होतो. चेहरा गेला की छातीला आयुष्य राहत नाही. तो माणूस खांदे पाडून उभा राहतो की ताठ, हसताना मागे रेलतो का, हे काहीच नाही. मग बघणाऱ्याच्या हातात फक्त तुलना उरते. तुम्ही शर्टाचे फोटो बघता तसे छातीचे फोटो बघू लागता. माझ्या मित्राने ‘कुठली बरोबर’ असं विचारलं, कारण ते फोटो त्याला दुसरा कुठला प्रश्न विचारूच देत नाहीत.

या शैलीत ‘आधी’चा फोटो बिचारा कायमचा चूक असतो. त्या शरीराने आपल्याला इथवर आणलं, याची दखल कुठल्याच चौकटीत नसते.

शरीर नसलेलं पुस्तक

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे मायकेल डिलन. हा ब्रिटिश माणूस, जन्म 1915. टेस्टोस्टेरॉन घेऊन आणि शस्त्रक्रिया करवून पुरुष म्हणून जगलेल्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. त्याची छातीची शस्त्रक्रिया 1940 च्या दशकात झाली, दुसरं महायुद्ध चालू असताना. पुढे तो स्वतः डॉक्टर झाला. 1946 साली त्याचं ‘सेल्फ’ हे पुस्तक आलं. त्यात तो मांडतो की शरीर मनाशी जुळत नसेल आणि मन बदलता येत नसेल, तर शरीर बदलायला मदत करावी. त्या काळात हे म्हणायला छाती लागत होती. पण पुस्तकभर तो त्या लोकांबद्दल बाहेरून बोलतो, अभ्यासकासारखा. हे माझंच शरीर आहे, असं तो सांगत नाही. सांगणं शक्यच नव्हतं.

1958 मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचं गुपित फोडलं आणि तो भारतात आला. बौद्ध धम्माकडे वळला, लोबझांग जिवक हे नाव घेतलं, आणि 1962 मध्ये हिमाचलात डलहौसीला वारला. त्याचं आत्मचरित्र छापायला पन्नासहून अधिक वर्षं गेली.

शोधनिबंधात शरीर आहे आणि माणूस नाही. ‘सेल्फ’मध्ये माणूस आहे आणि त्याचं शरीर नाही. दोन्हीकडे कारणं वेगळी, पण गाळलेली गोष्ट एकच: ज्याची छाती आहे तो स्वतः ‘ही माझी’ म्हणत नाही.

बल्ब धरलेला हात

म्हणून लॉरेन कॅमरॉनचं ‘बॉडी अल्केमी’ हातात आल्यावर मला बरं वाटलं. सॅन फ्रान्सिस्कोचा हा ट्रान्स पुरुष फोटोग्राफर 2022 मध्ये वारला. पुस्तक 1996 सालचं. ट्रान्स पुरुषाने ट्रान्स पुरुषांचे काढलेले फोटो, सोबत त्यांच्याबद्दलचा मजकूर, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या शरीरांचेही फोटो. त्यातली ‘गॉड्स विल’ ही फोटोमाला प्रसिद्ध आहे. कॅमरॉन उघडा उभा आहे, अंगावर टॅटू, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेतल्यासारखी पोझ. एका फोटोत हातात इंजेक्शन, एकात सर्जनची सुरी, एकात डंबेल. आणि दुसऱ्या हातात रबरी बल्ब: कॅमेऱ्याला नळीने जोडलेला, दाबला की फोटो निघतो. त्याने तो लपवलेला नाही. फोटो मीच काढतोय, हे फोटोतच दिसतं.

माझ्या मते या पुस्तकाची सगळी ताकद त्या बल्बमध्ये आहे. ‘ईश्वरेच्छा’ हे नाव देऊन तो सुरी आपल्या हातात घेतो. शस्त्रक्रिया अर्थातच त्याने स्वतःवर केली नव्हती. पण निर्णय कुणाचा होता, हे सांगायला त्याला वाक्य लागत नाही. ‘डिस्टॉर्शन्स’ या दुसऱ्या मालेत त्याच्या चेहऱ्याभोवती लोकांनी मारलेले शेरे चौकटीसारखे लिहिलेले आहेत. म्हणजे दुसरे लोक आपल्याला कसे लिहितात, हेही त्याला ठाऊक आहे. तो ती चौकट दाखवतो आणि मधोमध आपला चेहरा ठेवतो.

तरी माझी एक तक्रार आहे. कॅमरॉनची छाती कमावलेली आहे. तिथे निपल कुठे हा प्रश्न मनात येण्याआधीच स्नायू बोलून टाकतो: हा पुरुष आहे. बारीक, पोट सुटलेला, दम्याचा पंप खिशात ठेवणारा ट्रान्स पुरुष, म्हणजे मी, ते पान बघतो तेव्हा मला तिथेही एक सरासरी दिसते, फक्त जिममधली. सर्जनच्या मोजपट्टीतून सुटून तो तालमीच्या आरशासमोर गेला. 1996 साली त्याला ते गरजेचं होतं हे मी समजू शकतो. आधी डोळ्यांत डोळे घालून उभं राहावं लागतं, मग कुठे पोट सोडून बसता येतं. पण आज ते पान आदर्श म्हणून कुणाला पाठवताना मी दहा वेळा विचार करीन.

घाटावर

मी कोल्हापूरचा. हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो. लहानपणी तिथे पुरुष उघडे आंघोळ करताना दिसायचे आणि मी नजर वळवायचो, हेव्याने. या वेळी नीट बघितलं, समीक्षकाच्या निर्लज्जपणाने.

एका आजोबांची निपल्स पोटाकडे बघत होती. एका पैलवानाची काखेजवळ गेलेली. एका पोराची मसुराच्या दाण्याएवढी. एका काकांची केसांत सापडतच नव्हती. एकाची उजवी बाजू डावीपेक्षा सरळ बोटभर खाली होती आणि तो गडी खुशाल सूर्याला अर्घ्य देत होता. त्या घाटावर शोधनिबंधातला सरासरी पुरुष मला दिसला नाही. आणि कुणाच्याही छातीकडे बघून ‘हा पुरुष नाही’ असं वाटलं नाही.

म्हणून मोजपट्टी फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. सपाट झालेल्या छातीवर निपल चुकीच्या जागी असेल तर शर्ट काढताना हात अडखळतो. तो अडखळू नये म्हणून कुणीतरी शंभर माणसं मोजली, याचे उपकारच आहेत. माझं म्हणणं एवढंच, की मोजपट्टी ही शब्दकोशासारखी असते. ती हाताशी हवी. वाक्य मात्र ज्याचं आहे त्याने लिहावं, निदान छापायला जाण्याआधी त्याने ते वाचावं.

दुसऱ्या दिवशी देतो म्हटलेलं उत्तर मी मित्राला पंधरा दिवसांनी पाठवलं. ते असं होतं:

‘आठातली कुठलीच बरोबर नाही आणि कुठलीच चूक नाही. डॉक्टर मार्करने खुणा करतील तेव्हा आरसा माग. मोठा, उभा आरसा. समोरून बघ, दोन्ही बाजूंनी बघ, हात वर करून बघ, मोबाइलवर फोटो काढून बघ. ठिपके केवढे असणार ते विचार. रंग गेला तर पुढे काय, टॅटू करून भरता येतो का, ते विचार. संवेदना किती राहील ते स्पष्ट विचार. निपल्स नकोच असतील तर तेही सांगता येतं, लाजू नकोस. दोन मिनिटांत ठीक म्हणू नकोस. पाच मिनिटं घे. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तर ते आधी कळलेलं बरं.’

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘दादा, तुझ्या वेळी आरसा होता का?’

मी ‘नव्हता’ लिहिलं. मग बाथरूममध्ये गेलो, बनियन काढला, आणि आरशासमोर उभं राहून एका हाताने स्वतःचा एक फोटो काढला. चेहऱ्यासकट. डावा ठिपका जरा बाहेर, जसा आहे तसा. तो फोटो त्याला पाठवला. आठ फोटोंच्या खाली नववा.